माळ्यावरचं एक्स्चेंज

गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. गणपतीची चवथ तोंडावर आलीय आणि या घाऊक किराणा दुकानातला फोन खाली ठेवायला उसंत नाही. पेडणे, डिचोली, वाळपईच्या दुकानदारांच्या ऑर्डरी अजून फोनवरच येतात.

माळ्यावर, तांदळाच्या पोत्यांमागे, हा छोटा संगणक. दुकानाचं एक्स्चेंज, म्हणजे येणारे-जाणारे फोन जोडून देणारी यंत्रणा. आत चालतंय अ‍ॅस्टरिस्क, १९९९ साली मार्क स्पेन्सर यांनी सुरू केलेलं, कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर. कॉल कुठे वाजवायचा, हे मालक स्वतः ठरवतो. लहान धंद्याने हा ताबा सोडू नये.

काउंटर ते गोदाम फोन लागतो. बाहेरच्या जगासाठी मात्र टेलिफोन कंपनीची एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने चालणारी फोनलाईन, जोडावी लागते.

डिचोलीचा हा तंत्रज्ञ सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड भरतो. स्क्रीनवर उत्तर येतं ४०१. याचा अर्थ नकार नव्हे, समोरचा सर्व्हर ओळख विचारतोय. पासवर्डच्या आधारे तयार झालेलं उत्तर जातं, आणि बघा, २०० ओके. ट्रंक रजिस्टर झाली.

आता मोबाईलवरून दुकानाचा ०८३२ चा नंबर लावतो. काउंटरवर रिंग वाजते, फोन उचलला जातो. इथला आवाज मोबाईलवर पोचतो, मोबाईलचा इथे येत नाही.

बहुतेक ठिकाणी काम इथेच अडतं. एक्स्चेंज राउटरच्या आड आहे. 'आवाज इकडे पाठवा' म्हणून त्याने कळवला १९२.१६८ ने सुरू होणारा, दुकानातल्या नेटवर्कपुरताच चालणारा आतला पत्ता. वाड्यावरच्या हाकेच्या नावाने पत्र टाकावं, तसं झालं. तंत्रज्ञ एक्स्चेंजला बाहेरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, सांगतो, आवाजाचे १०००० ते २०००० पोर्ट, म्हणजे ये-जा करायची क्रमांकाची दारं, राउटरमधून आत वळवतो आणि कॉलच्या संदेशांतले पत्ते आपणहून बदलणारं राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करतो. मदतीसाठी दिलेली ही सोय पुष्कळदा कॉलच बिघडवते.

पुन्हा कॉल. दोन्हीकडून स्वच्छ आवाज.

पण तंत्रज्ञ उठत नाही, आणि हेच महत्त्वाचं. कॉल जोडायचे संदेश येतात तो ५०६० पोर्ट तो फक्त टेलिफोन कंपनीच्या आयपीपुरता उघडा ठेवतो. परदेशी कॉल बंद. प्रत्येक एक्स्टेन्शनला, म्हणजे दुकानातल्या प्रत्येक फोनला, वेगळा, लांबलचक पासवर्ड. उघडी एक्स्चेंजं हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. पासवर्ड फुटला तर रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल दुकानाच्या माथी येतं. हे काम 'मागाहून करू' म्हणून ठेवायचं नाही.

राउटर, स्विच, एक्स्चेंज यूपीएसवर. तांब्याच्या जुन्या लाईन महिनाअखेर बंद.