कारखान्यातून आलेलं घर

श्रोतेहो, नमस्कार.

खडकवासला मागे टाकून पानशेतकडे निघालं, किंवा पिरंगुटवरून मुळशीच्या बाजूला गेलं, की हल्ली एक दृश्य वारंवार दिसतं. उतारावरचा काही गुंठ्यांचा तुकडा, भोवती तारेचं कुंपण आणि मधोमध ट्रेलरवरून आणून ठेवलेलं एक तयार घर. गेल्या रविवारी तिथे नुसतं गवत होतं, या रविवारी खिडक्यांना पडदे लागलेले असतात. पुण्यातल्या नोकरदार माणसाला या घराची ओढ का वाटते, हे मला चांगलं समजतं. कंत्राटदाराच्या मागे फिरणं नाही, वाळू-सिमेंटचा रोज बदलणारा हिशोब नाही, दोन पावसाळे अर्धवट उभ्या राहिलेल्या भिंती नाहीत. मी वास्तुरचनेचं काम करते आणि कारखान्यात बनणारी ही छोटी घरं मला मनापासून आवडतात. म्हणूनच ती घेताना जे प्रश्न विचारायला हवेत आणि सहसा विचारले जात नाहीत, त्यांबद्दल आज बोलणार आहे.

पुण्याला अशी घरं नवी नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत निसेन हटही होत्या. पन्हाळी पत्र्याची अर्धगोल कमान, दोन्ही टोकांना भिंती, बस. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ब्रिटिश सैन्यातले अभियंते पीटर निसेन यांनी ही झोपडी सैनिकांसाठी आखली होती. सहा माणसं ती चार तासांत उभी करत. थंड मुलखातल्या सैन्याची ही सोय पुण्याच्या एप्रिलमध्ये भट्टीसारखी तापते, आणि तात्पुरत्या म्हणून मिळालेल्या अशा निवाऱ्यांत माणसं ठरल्यापेक्षा फार जास्त काळ राहिली. इंग्लंडमध्येही असंच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे दीड लाखाहून जास्त तयार घरं बसवली गेली. त्यांचं आयुष्य दहाएक वर्षांचं धरलं होतं, पण त्यांतली कितीतरी पुढे अनेक दशकं वापरात होती. दिल्लीत फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४८ साली सरकारनं घरांचा कारखानाच काढला. पुढे त्याचंच हिंदुस्तान प्रीफॅब झालं.

यातून मी एक गोष्ट घेतली आहे. तात्पुरतं म्हणून बांधलेलं घर क्वचितच तात्पुरतं राहतं. माणूस त्यात संसार मांडतो, मूल जन्मतं, म्हातारं माणूस आजारी पडतं, सून येते. त्यामुळे तयार घराची खरी परीक्षा ते किती दिवसांत उभं राहिलं यात नाही. ते पंधरा वर्षांनी दुरुस्त करता येईल का, वाढवता येईल का, आणि एक दिवस उकलून दुसरीकडे नेता येईल का, यात आहे.

आपल्या वाड्यांना हे जमत होतं. वाड्याचा भार लाकडी सांगाडा पेलायचा आणि तो खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराच्या, मापात बसवलेला असायचा. खांब, तुळया, कडीपाट असे सगळे भाग सुतार आधी घडवायचा, मग खाचा आणि खुंट्यांनी एकमेकांत गुंतवायचा. म्हणून तर वाडा पडला तरी त्याचं लाकूड मरत नाही. पेठांमधला वाडा उतरवला जातो तेव्हा सागाचे खांब, दरवाजे, चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि दुसऱ्या कुणाच्या घरात पुन्हा उभ्या राहतात. सिमेंट-काँक्रीटची इमारत पाडली की राडारोडा उरतो. सळ्या तेवढ्या भंगारात जातात. जगात दरवर्षी माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. त्यातला मोठा हिस्सा भट्टीच्या इंधनातून येत नाही, चुनखडीच तापून तो वायू सोडते. म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग तसाच राहतो. म्हणून सिमेंट कमी लागणं आणि वापरलेली वस्तू पुन्हा वापरता येणं, या दोन गोष्टींवर शाश्वत घराचा दावा तोलायला हवा. छपरावर एक सोलर पॅनेल बसवलं म्हणजे तो सिद्ध होत नाही.

केवळ ‘मॉड्युलर’, म्हणजे सुट्या भागांचं, म्हटल्यानं घर उकलता येतं असंही नाही. तोक्योमध्ये १९७२ साली किशो कुरोकावा या वास्तुरचनाकारानं नाकागिन कॅप्सूल टॉवर बांधला. दोन मनोरे आणि त्यांना बोल्टनं अडकवलेल्या १४० खोल्या. कल्पना अशी, की दर पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढायची आणि नवी लावायची. प्रत्यक्षात एकही खोली बदलली गेली नाही, कारण रचना अशी होती की खालची काढायची तर वरच्यांना हात लावावा लागे. गळती वाढली, दुरुस्ती अशक्य झाली आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली गेली. इतका मोठा विचार एका जोडाच्या ठिकाणी अडला. आजही एखादा विक्रेता मला चकचकीत छायाचित्रं दाखवतो तेव्हा मी त्याला जोडाचा नकाशा मागते. दोन भाग बोल्टनं जोडलेत की वेल्डिंगनं? बोल्टपर्यंत पान्हा पोचतो का? भिंतीचं एक पॅनेल फुटलं तर शेजारची दोन न काढता ते बदलता येतं का?

घर वाढण्याबद्दल बोलायचं तर वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींचं नाव घ्यायलाच हवं. त्यांचा जन्म पुण्यातला, १९२७ सालचा. इंदूरजवळ त्यांनी आखलेल्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलं नाही. जोतं, संडास-मोरी आणि स्वयंपाकाची जागा दिली. बाकीचं घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं आणि आपल्या वेळेला वाढवलं. कुणी वर खोली चढवली, कुणी पुढे दुकान काढलं. त्या घरांचं कारखान्याशी काही नातं नव्हतं, पण घर टप्प्याटप्प्यानं मोठं होणं म्हणजे काय हे मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आज कारखान्यात बनणाऱ्या घरातही तीच सोय करता येते. आधी अडीचशे-तीनशे चौरस फुटांचा गाभा, त्यात न्हाणीघर आणि ओटा. पुढे मुलासाठी एक खोली. पण त्यासाठी पहिल्याच दिवशी सांगाड्यात पुढच्या खोलीची बाजू मोकळी ठेवावी लागते, तिथून वायरिंग आणि पाइप नेऊ नयेत. हे आराखड्यात नसेल तर ‘नंतर वाढवता येईल’ या वाक्याला अर्थ नाही.

आता जहाजावरच्या मालवाहू कंटेनरचं घर करण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. वीस फुटी कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच असतो. आतली उंची आठ फुटांनाही थोडी कमी भरते. त्यात उष्णतारोधक थर आणि छताचा बोर्ड बसवला की साडेसात फुटांच्या आसपास उरते, आणि त्यात पंखा लावला तर सदरा काढताना वर गेलेला हात पात्याला लागू शकतो. म्हणून घ्यायचाच तर एक फूट जास्त उंचीचा, हाय क्यूब म्हणतात तो घ्यावा. कंटेनर चारही कोपऱ्यांवर भार घेतो, तसा तो बोटीवर एकावर एक रचता येतो. पण बाजूचा पन्हाळी पत्रा कापून रुंद काचेचा दरवाजा लावला की ताकद घटते. कापलेल्या जागेभोवती लोखंडी चौकट घालावीच लागते. आतली जमीन बहुधा प्लायवूडची असते आणि समुद्रप्रवासात कीड लागू नये म्हणून तिच्यात कीटकनाशक मुरवलेलं असतं. त्यावर मूल रांगणार असेल तर ती जमीन बदला.

आणि विक्रेत्याला हेही विचारा, की हा कंटेनर खरंच जुना आहे का? रिकाम्या वीस फुटी कंटेनरमध्ये जवळपास दोन टन पोलाद असतं. मोडीत निघणार होतं ते वाचवलं असेल तर उत्तम. पण कंटेनरसारखं दिसावं म्हणून नवा पत्रा आणून केलेली पेटी असेल, तर तेवढ्याच जागेसाठी हलक्या पोलादी चौकटींचं घर कमी लोखंडात झालं असतं.

भोसरी-चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामं करणारे कुशल कारागीर भरपूर आहेत. वाहनउद्योगानं या भागाला मिलीमीटरमध्ये काम करायची सवय लावली आहे. त्यामुळे पुण्यात पॅनेलची घरं चांगली होऊ शकतात, याबद्दल मला शंका नाही. बहुतेकजण पफ पॅनेल वापरतात, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा घट्ट झालेला फेस. उष्णता अडवण्यात ते फार चांगलं आहे. पण उष्णता अडवणं वेगळं आणि साठवणं वेगळं. आपल्या जाड दगडी भिंती दिवसभराची उष्णता पोटात घेतात आणि आत हळूहळू सोडतात. पॅनेलला पोटच नसतं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की अर्ध्या तासात खोली तापते, आणि मग आतली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून समोरासमोर खिडक्या, पश्चिमेला सावली, आणि मुख्य म्हणजे छपरावर दुसरं छप्पर. दोन्हींमध्ये वीतभर मोकळी हवा खेळती ठेवली तर उन्हाचा मारा वरच्यावर थांबतो. जमीन तरी शहाबादी किंवा कोटा फरशीची करा, म्हणजे घराला थोडं वजन आणि थोडा थंडावा मिळेल.

आगीचा मुद्दा कुणी काढत नाही, मी काढते. पफ जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीसाठी तरी खनिज लोकरीचं, म्हणजे रॉकवूलचं पॅनेल मागा. ते महाग पडतं, जडही असतं, पण पेट घेत नाही. आणि एवढ्या छोट्या घराला दोन दरवाजे हवेत, गॅसच्या शेगडीपासून दूर एक तरी.

मुळशीचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. सांधे नुसत्या सिलिकॉननं बुजवले असतील तर दोन-चार उन्हाळ्यांनंतर ते तडकणार. कौलावर कौल चढतं तसा एक पत्रा दुसऱ्यावर चढलेला असला पाहिजे, सिलिकॉन फक्त मदतीला. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेलं हवं. सपाट छपराची, बिनवळचणीची पेटी छायाचित्रात सुबक दिसते. सह्याद्रीच्या कुशीत तिचा पहिल्याच श्रावणात कस लागतो.

हलकेपणा भूकंपात उपकारक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत मातीत रचलेल्या जड दगडी भिंती आणि मातीची जाड धाबी अंगावर येऊन हजारो माणसं गेली. पण वाऱ्यात हाच हलकेपणा घात करतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या जिल्ह्यातही कितीतरी घरांचे पत्रे उडाले. तयार घर जमिनीला जखडलेलं हवं. नुसतं विटांच्या ओट्यावर टेकवलेलं घर मला पाहवत नाही.

या घरांचा सगळ्यात मोठा गुण मात्र उतारावर दिसतो. खांबांवर उभं राहणारं हलकं घर असेल तर डोंगर कापून सपाट करावा लागत नाही. पाण्याच्या जुन्या वाटा तशाच राहतात, झाडाची मुळं तुटत नाहीत. ज्या जिल्ह्यानं २०१४ साली माळीण गाव दरडीखाली गेलेलं पाहिलं, त्यानं उतारावर पोकलेन चालवण्याआधी शंभरदा विचार करायला हवा. तयार घर घ्यायचं आणि ते ठेवण्यासाठी आधी डोंगर खोदायचा, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. त्या खोदाईनं घराचा सगळा हिरवेपणा पहिल्याच दिवशी संपतो.

रस्त्याचं गणितही आधी करा. आपल्याकडे वाहनाची रुंदी साधारण २.६ मीटरपर्यंत चालते. त्याहून रुंद खोली आणायची तर वेगळी परवानगी लागते, आणि घाटातल्या वळणावर लांब ट्रेलर वळेलच असं नाही. अशा वेळी सुटी पॅनेलं आणून जागेवर जोडणं शहाणपणाचं. परवानगीबाबत एकच सांगते. ‘हे बांधकाम नाही, ही तर वस्तू आहे’ या बोलण्यावर विसंबू नका. त्या जमिनीवर घर बांधता येतं का, किती बांधता येतं, हे पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, किंवा तुमच्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडे लेखी विचारा, आणि मगच आगाऊ रक्कम द्या.

ज्याच्याकडून घर घेणार आहात, त्या कारखानदारानं तीन-चार वर्षांपूर्वी दिलेलं एखादं घर मेच्या दुपारी पाहून या. तिथल्या माणसांशी बोला, भिंतीवर हात ठेवा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात गंज आहे का बघा. करारात लिहून घ्या, की सांगाड्याचा नकाशा, बोल्टची मापं, पॅनेलची जाडी आणि ते कशाचं बनलं आहे, वायर आणि पाइप कुठून गेले आहेत त्याचा आराखडा, हे सगळं घराबरोबर मिळेल. दहा वर्षांनी तो कारखाना असेल-नसेल. कागद तुमच्याजवळ असतील तर चाकणचाच काय, भोरचा फॅब्रिकेटरसुद्धा तुमचं घर उघडून दुरुस्त करू शकेल. ते कागद हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता थांबवून ठेवा.

नमस्कार.