आलिशान एसयूव्ही आणि पॅकेजचे गाठोडे

श्रोतेहो, नमस्कार.

आलिशान एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाचे मागणे बहुधा एका वाक्यात मावते. थंडीत आसन तापले पाहिजे, किंवा गाडी मागे घेताना चारी बाजूंचे दृश्य पडद्यावर दिसले पाहिजे, एवढेच त्याला हवे असते. तो कंपनीच्या संकेतस्थळावर आपली गाडी जुळवायला बसतो, त्या एका वस्तूवर खूण करतो, आणि लगेच सूचना येते की ही वस्तू अमुक पॅकेजबरोबरच मिळेल, ते पॅकेज तमुक व्हेरियंटवरच, म्हणजे त्याच गाडीच्या ठरावीक आवृत्तीवरच, घेता येईल आणि त्या व्हेरियंटला 21 इंची चाके घ्यावीच लागतील. मागणी एका वस्तूची होती. बिल गाठोड्याचे झाले. या गाठोड्याच्या कोणत्या गाठी यंत्राच्या गरजेने पडतात आणि कोणत्या किमतीच्या हिशेबाने मारलेल्या असतात, याविषयी मी आज बोलणार आहे.

निवड ही गोष्ट मोटारींच्या जगात पहिल्यापासून नव्हती. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी 1920 च्या दशकात याच्या नेमके उलट धोरण धरले आणि प्रत्येक ऐपतीच्या ग्राहकासाठी वेगळी गाडी अशी शेव्हरोलेपासून कॅडिलॅकपर्यंतची शिडी उभी केली. आजच्या व्हेरियंटांनी तीच शिडी एका गाडीच्या पोटात आणून ठेवली आहे. रेंज रोव्हरचेच पाहा. 1970 मध्ये ती आली तेव्हा तिची आसने व्हिनाइलची होती आणि आतला भाग पाण्याच्या पाइपने धुऊन काढता येत असे. पुढे एका फॅशन मासिकाशी जोडलेल्या मर्यादित आवृत्तीतून ‘व्होग’ हे नाव तिला चिकटले, त्यानंतर ‘ऑटोबायोग्राफी’ आले, आणि चिखलात जाणाऱ्या गाडीला दिवाणखान्याची पदवी मिळाली.

आता कंपनीची बाजू ऐकू, कारण ती खोटी नाही. घ्या किंवा सोडा अशा 20 स्वतंत्र सोयी ग्राहकापुढे ठेवल्या, तर त्यांतून 10,48,576 निरनिराळ्या गाड्या संभवतात. त्यांतल्या प्रत्येकीला वायरिंगचा जुडगा थोडा वेगळा लागेल, आणि प्रत्येक भाग योग्य क्षणी योग्य गाडीपाशी पोहोचवावा लागेल. समुद्रापलीकडे गाड्या पाठवणाऱ्या जपानी कंपन्यांनी म्हणूनच मोजके ठरीव संच विकण्याची रीत अंगीकारली, कारण प्रत्येक ग्राहकाच्या फर्माइशीप्रमाणे गाडी बनवून ती जहाजाने पाठवायची, तर ग्राहकाला फार थांबावे लागले असते. युरोपात 2018 च्या सप्टेंबरपासून सर्व नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही इंधनाचा खप आणि प्रदूषण मोजणारी चाचणी लागू झाली, आणि तीत चाकांचा आकार किंवा वजनदार सोयी यांचा त्या विशिष्ट गाडीच्या प्रदूषणाच्या आकड्यावर होणारा परिणाम धरावा लागतो. तेव्हा जोड्या कमी ठेवण्याला आणखी एक कारण मिळाले.

काही गाठी तर निव्वळ यंत्रशास्त्राच्या आहेत. वेगासारखे आकडे चालकाच्या नजरेसमोर काचेवर दाखवणारा हेड-अप डिस्प्ले हवा असेल तर पुढची काचही वेगळी लागते, कारण साध्या काचेत आकडे दुहेरी दिसतात. वेगळ्या काचेच्या दोन थरांमधला पापुद्रा त्यासाठी किंचित पाचरीसारखा बनवलेला असतो. अवजड ट्रेलर ओढायचा असेल तर हुकाबरोबर वायरिंग आणि बहुधा इंजिन थंड ठेवण्याची जास्त क्षमताही लागते. अशा गाठी सोडवा म्हणणे हा अडाणीपणा ठरेल. पण तापणारे स्टिअरिंग आणि छताची मोठी काच यांचे असे कोणते नाते आहे? तेथे यंत्रशास्त्र संपते आणि दुसरा हिशेब सुरू होतो.

तो हिशेब अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1963 मध्ये, चित्रपटगृहांना चित्रपट एकगठ्ठा का विकले जातात हे सांगताना, मांडला होता. आपण तो गाडीला लावून पाहू. एका ग्राहकाच्या लेखी काचेच्या छताचे मोल 100 आहे आणि उंची ध्वनियंत्रणेचे 40. दुसऱ्याच्या लेखी हे आकडे नेमके उलटे आहेत. दोन्ही वस्तू सुट्या, प्रत्येकी 100 ला विकल्या तर प्रत्येक जण एकेकच घेईल आणि कंपनीच्या हाती 200 येतील. दोघांनी दोन्ही घ्यावे म्हणून भाव 40 वर आणला तर 160 च येतील. पण दोन्ही वस्तू एकत्र बांधून गाठोडे 140 ला ठेवले, तर दोघेही ते घेतात आणि 280 जमा होतात. येथे कोणी कोणाला फसवलेले नाही. मात्र गाठोड्याची किंमत दोघांच्या तयारीच्या अगदी कडेला नेऊन ठेवली आहे, आणि आवडीनिवडीतल्या फरकामुळे ग्राहकाच्या पदरात जे उरले असते ते कंपनीकडे गेले आहे.

व्हेरियंटांची शिडी याहून जुन्या युक्तीवर उभी आहे, आणि मला ती अधिक बोचते. फ्रेंच अभियंता ज्यूल ड्यूपुई यांनी 1849 मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी लिहिताना दाखवून दिले की, त्या डब्यांना छप्पर नसते याचे कारण छपराचा खर्च हे नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, यासाठी तो डबा उघडा ठेवलेला असतो. आलिशान गाडीच्या सर्वांत खालच्या व्हेरियंटमध्ये एखादी स्वस्त, साधी सोय का नसते, याचे उत्तर पुष्कळदा येथेच मिळते. व्हेरियंट तीन असतील तर मधल्याकडे मन आपोआप झुकते. ग्राहकांच्या वर्तनाचे अभ्यासक इटामार सायमनसन यांनी 1989 मध्ये ग्राहकांच्या या मध्यममार्गी ओढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्होल्वोने आपल्या शिडीला कोअर, प्लस आणि अल्टिमेट अशी तीन पायऱ्यांची सुटसुटीत नावे दिली. पोर्शचा मार्ग वेगळा आहे; तेथे सुट्या सोयींची यादी इतकी लांब असते की हवेच्या झरोक्यांच्या पट्ट्यांवरही हवे तर चामडे चढवून मिळते. स्वातंत्र्य अधिक, हे खरे. यादीच्या तळाशी पोहोचेपर्यंत मूळ किंमत विसरायला होते, हेही खरे.

सुरक्षेच्या वस्तू गाठोड्यात बांधल्या जातात तेव्हा मात्र हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही, आणि काही ठिकाणी कायद्याने त्या गाठी कापल्या आहेत. मागचा कॅमेरा अमेरिकेत 2018 च्या मे महिन्यापासून नव्या गाड्यांत अनिवार्य झाला. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक असावाच लागतो. ज्या वस्तूसाठी कालपर्यंत वरचा व्हेरियंट दाखवला जात होता, ती अशा रीतीने शिडीच्या पहिल्या पायरीवर येते.

अलीकडे गाठोड्याचे रूपही बदलू लागले आहे. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने दक्षिण कोरियासह काही देशांत पुढची आसने तापवण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. तापवणाऱ्या तारा आसनात कारखान्यातच बसवलेल्या होत्या. वर्गणी भरली की सॉफ्टवेअर त्यांना चालू करत असे. ड्यूपुईंच्या डब्याला छप्पर नव्हते, येथे छप्पर होते आणि त्याला कुलूप होते. ग्राहकांना एकाच वस्तूचे पैसे दोनदा मोजल्यासारखे वाटले, आणि 2023 मध्ये कंपनीने आसनांपुरता हा प्रयोग थांबवला. पार्किंगच्या साहाय्यासारख्या, सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सोयी गाडी घेतल्यानंतरही विकत घेण्याची वाट मात्र तिने खुली ठेवली.

नमस्कार.