ओहोटी बघून चोडणला जा

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस परतला, मांडवीचं गढूळ पाणी निवळू लागलं, की गोव्यातल्या चोडण बेटावर परदेशी पाहुणे पक्षी आले म्हणून समजा. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 साली घोषित झालेलं. सगळं खारफुटीचं रान. रायबंदरहून फेरीबोटीने जायचं. फेरीची वाट पाहावी लागते म्हणून लोक कुरकुरतात. मला ती वेळ फार आवडते. डोक्यावर ब्राह्मणी घारी फिरत असतात आणि अनोळखी माणसंही एकमेकांशी बोलतात. पूल झाला की हे बोलणं संपतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: ओहोटी बघून जा. भरतीला नुसती पानं दिसतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात, खेकडे बाहेर येतात आणि त्यांच्यामागे शेपूट हलवत तुतवार पक्षी.

एका ऑक्टोबरात होडीतून आतल्या खाडीत शिरलो होतो. होडीवाल्याने अचानक वल्हं उचललं. "ओगी रावात," हळूच कोकणीत म्हणाला, म्हणजे गप्प राहा. दिसत काहीच नव्हतं. पण मुळांच्या आडून आवाज येत होता, भाजलेले चणे दाढेखाली फुटावेत तसा. कुडुम, कुडुम. होडी प्रवाहाबरोबर आपसूक पुढे सरकली आणि समोर पाणमांजरं! एक मोठी मादी चिखलावर पोट टेकून बसली होती, पुढच्या दोन पंजांत खेकडा घट्ट धरून. मिशांना चिखल लागलेला. दोन पिल्लं तिच्या तोंडातून नांगी ओढायला बघत होती. तिने मान फिरवली, पण अंगावर गेली नाही. दोन हातांवर बगळा उभा, उरलंसुरलं मिळेल म्हणून. मग मागून दुसरी होडी आली, त्यात मोबाइलवर गाणं लावलेलं. तिघंही पाण्यात. बुडबुड्यांची रेघ तेवढी लांब जाताना दिसली. श्रोतेहो, खाडीत गाणी लावू नका हो. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाजसुद्धा नकोत, पाखरं उगाच बिथरतात.

तेव्हा पुन्हा सांगतो, ओहोटी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त हटतं. आणि आज पाहिलेली वेळ उद्या चालणार नाही; ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. होडीवाल्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवा.