असेंडर चढवतो, झेलत नाही

नमस्कार. मे महिना अर्ध्यावर आला की गोव्यात घरोघरी एकच घाई सुरू होते: पावसाआधी फांद्या उतरवायच्या. कौलांवर ओणवलेला आंबा, तारांकडे झुकलेला फणस, रस्त्याकडेचा अवाढव्य पर्जन्यवृक्ष. माडाची गोष्ट निराळी. त्याला फांदी नाही, त्यामुळे वर दोर टाकायला जागाच नाही. तिथे पाडेली (नारळ पाडणारे) आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे) यांचं कसब चालतं, आणि त्याबद्दल बोलायचा अधिकार त्यांचाच. पण दोर पेलणारी फांदी असलेल्या झाडांवर आता बरीच मुलं असेंडर, म्हणजे दोरावर वर सरकणारं पण खाली ओढलं की दोर पकडणारं अवजार, घेऊन चढू लागली आहेत. दम कमी लागतो, हात भरून येत नाहीत, हे चांगलंच आहे. काळजी एवढीच वाटते की हे अवजार पडणाऱ्याला झेलेल, असं समजून ते वापरलं जातं.

असेंडर हातात घ्या, अंगठ्याने खटका ओढून कॅम (दोर दाबून धरणारा फिरता जबडा) उघडा आणि आत बघा. कॅमवर बारीक काटे आहेत, सगळे खाली झुकलेले. असेंडर वर सरकवताना दोर त्यांच्यावरून सहज जातो. खाली ओढ बसली की काटे दोराच्या आवरणात रुततात आणि कॅम दोर चेपून धरतो. म्हणजे काटे धरतात ते बाहेरचं विणलेलं आवरण. भार खरा पेलतो आतला गाभा, पण त्याच्यापर्यंत काटे पोचत नाहीत.

आता आकडे बघू. ८० किलोचा माणूस शांत लटकला तर दोरावर साधारण ०.८ किलोन्यूटन भार येतो. एवढ्याने काही बिघडत नाही. पण भार ४ ते ६ किलोन्यूटनच्या आसपास गेला की काटेरी कॅम आवरण फाडू लागतो, आणि फाटलेलं आवरण गोळा करत असेंडर गाभ्यावरून खाली घसरतो. एवढा भार येतो कुठून? ईएन १८९१ हे कमी ताणल्या जाणाऱ्या दोराचं युरोपीय मानक आहे. त्यातल्या ए प्रकारासाठी अट अशी की १०० किलो वजन ०.३ गुणांकाने पडलं तर धक्का ६ किलोन्यूटनच्या आत राहावा. गुणांक म्हणजे पडण्याचं अंतर भागिले धक्का झेलणाऱ्या दोराची लांबी. वर २ मीटर दोर उरलाय आणि माणूस ६० सेंटिमीटर पडला, की झाला ०.३. चढणारा फांदीजवळ पोचतो, बेचक्यात पाय ठेवून विसावा घेतो, दोन पावलं वर सरकतो पण असेंडर सरकवायचा राहून जातो. मग शेवाळावरून पाय निसटतो. एवढं पुरे आहे. जमिनीजवळ वर भरपूर दोर असतो, तो थोडा ताणला जाऊन धक्का गिळतो. फांदीजवळ तो उरलेलाच नसतो. म्हणून जितके वर जाल तितकी ढील कमी हवी. असेंडरच्या वरचा दोर सदैव ताठ ठेवा आणि दोर जिथे टांगलाय त्याच्या वर कधीही जाऊ नका.

पायाचा आणि गुडघ्याचा असेंडर सुरक्षेत धरायचाच नाही. ते पावलाला आधार देतात, झाडाची काटकी खटक्यात अडकली तरी सुटून येतात. जीव ज्याच्यावर आहे ते साधन हार्नेसच्या (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांच्या) मुख्य जोडावर हवं, आणि त्यावरून खाली येता आलं पाहिजे. हातातल्या आणि छातीच्या असेंडरवरच चढत असाल, तर दोन्ही हार्नेसला स्वतंत्र जोडा, आणि उतरण्याचं साधन कमरेला तयार ठेवा. दोर तिरका जात असेल तर असेंडर पिळला जाऊन दोर बाहेर निसटू शकतो. वरच्या भोकातून एक कॅराबिनर (उघडमिट होणारी धातूची कडी) दोराभोवती घालून लॉक केला की तो धोका टळतो. दोराची जाडी असेंडरवर कोरलेल्या मर्यादेतच हवी. साध्या नायलॉनच्या दोरावर, विहिरीच्या सोलावर हे अवजार लावू नये.

दोन चुका वारंवार होतात. वर पोचल्यावर असेंडर थेट गाठीला नेऊन भिडवतात. कॅम उघडायला आधी असेंडर थोडा वर सरकावा लागतो; गाठ आड आली की सरकायला जागाच नाही, आणि माणूस तिथेच अडकतो. हातभर जागा सोडा. दुसरी चूक थोडं खाली यायचं असताना होते. खटका पूर्ण ओढला तर कॅम उघडा अडकून राहतो आणि दोर सुटतो. भार काढा, असेंडर जरा वर ढकला, खटक्याला हात न लावता बोटाने फक्त कॅम मागे दाबा, आणि इंचाइंचाने खाली या.

दोर फांदीवरून आणून बुंध्याला बांधण्याची पद्धत सोयीची आहे, पण फांदीवर जवळपास दुप्पट भार येतो: ८० किलोच्या माणसाला साधारण १६० किलो. म्हणून चढण्याआधी दोघांनी मिळून दोराला लटकून, हलके झोके देऊन बघावं. फांदी करकरली तर दुसरी निवडा. बुंध्याकडे येणारा तो दोर ताणलेला असतो, आणि ताणलेल्या दोराला करवतीचा दात नुसता लागला तरी तो तुटतो. त्या बाजूला कापणी करायची नाही, खालच्यांनी कोयता घेऊन तिकडे फिरकायचं नाही.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, फणसाचा चीक. काट्यांमध्ये तो भरला, त्यावर तांबडी माती बसली, की काटे रुततच नाहीत. धातूवरचा चीक खोबरेल तेलाने सुटतो, पण नंतर साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने तेलाचा अंशही राहू देऊ नका. दोराला तेल लावायचं नाही. किनारपट्टीत काम केलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. खारी हवा कॅमची स्प्रिंग खाते. कॅम सोडल्यावर टक्‌कन मिटला नाही, किंवा काटे बोथट झाले, तर तो असेंडर बाजूला काढा. काटे कानशीने धारदार करू नका.

राहिली सुटका. हुमल्यांचं (झाडावरच्या लाल मुंग्यांचं) घरटं फुटलं, गांधीलमाश्या उठल्या, उन्हाने चक्कर आली, तर वरचा माणूस स्वतः उतरू शकत नाही, आणि हार्नेसमध्ये निश्चल लटकणं काही मिनिटांतच जिवावर बेततं. म्हणून बुंध्याला मेलेली गाठ मारू नका. तिथे भाराखाली सोडता येणारं उतरणीचं साधन लावा. दोरही तेवढा हवा: फांदी १५ मीटरवर असेल तर चढण्याच्या बाजूला १५, बुंध्याच्या बाजूला १५ आणि खाली सोडायला आणखी १५, म्हणजे किमान ४५ मीटर, शिवाय गाठींसाठी थोडा जास्त. खाली थांबणाऱ्याला ते साधन चालवता येतं का, हे काम सुरू होण्याआधी पाहायचं. चढणाऱ्याला जमिनीपासून दोन फुटांवर लटकू द्या आणि खाली थांबणाऱ्याकडून त्याला खाली सोडवून घ्या.