झटक्यात घडलेला ॲल्युमिनियमचा पत्रा

श्रोतेहो, नमस्कार.

5052 म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याच्या एक मिलिमीटर जाड, ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) पत्र्याला प्रेसखाली हळूहळू घुमटाचा आकार देता येतो. तोच घुमट विद्युतचुंबकीय फॉर्मिंगनेही होतो. कॅपॅसिटर बँकेतली ऊर्जा कॉइलमध्ये एकदम सोडली की पत्र्यात एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह, उठतात, आणि चुंबकीय धक्क्याने पत्रा सेकंदाला शंभरेक मीटर वेगाने डायमध्ये, म्हणजे साच्यात, फेकला जातो. डायमधली हवा आधी काढावी लागते, नाहीतर ती पत्र्याखाली अडकते आणि आकार अर्धवट राहतो.

पत्रा तापून मऊ होतो, असा एक समज आहे. हिशेब करून पाहा. घुमटाच्या माथ्यावर जाडी 1.00 वरून 0.80 मिलिमीटर झाली, तर खरी विकृती, म्हणजे पत्रा किती ताणला गेला याचं माप, 0.22. सरासरी ताण 200 मेगापास्कल धरला, तर त्या कामाची उष्णता पत्र्याला 15-20 अंशच तापवते. करंटची उष्णता वेगळी. पण 5052 ॲनील होतो 345 अंश सेल्सिअसला. म्हणून नवे ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण, तयार होत नाहीत.

बदल होतो तो ग्रेनच्या आत, आणि त्याचं खरं कारण वेळ. सावकाश ताणताना मॅग्नेशियमचे अणू डिस्लोकेशनपर्यंत (स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधले दोष, जे सरकले की धातूचा आकार बदलतो) पोचतात, त्यांना धरतात. मग ती एकदम सुटतात. पत्र्यावर तिरकस पट्टे उमटतात ते यामुळेच. विकृतीचा दर सेकंदाला हजाराच्या पुढे गेला, की अणूंना तेवढी सवडच मिळत नाही. पट्टे येत नाहीत. डिस्लोकेशनना एकमेकांना रद्द करायलाही वेळ नसतो, त्यामुळे ती जास्त दाट आणि जास्त सारखी पसरलेली राहतात.

हे तपासताना घोटाळा होतो तो तुलनेत. प्रेसच्या आणि झटक्याच्या घुमटाचे माथे सरसकट शेजारी ठेवू नयेत. दोन्हींची जाडी मोजावी आणि जिथे ती सारखी भरते तिथलेच तुकडे घ्यावेत. कापताना भरपूर कूलंट हवं. नमुना गरम प्रेसमध्ये माउंट करणं, म्हणजे प्लास्टिकच्या गोळीत बसवणं, तर टाळाच: दीडशे अंशांना डिस्लोकेशन हलू लागतात, आणि जे शोधायचं तेच कमी होतं. थंड इपॉक्सी वापरा. बार्कर द्रावणात (पातळ फ्लुओबोरिक आम्लात) 20 व्होल्टवर ॲनोडाइझ करून ध्रुवित प्रकाशात पाहिलं, तर ग्रेनचा आकार कळतो. दोन्ही नमुने तिथे जवळपास सारखेच दिसतील. आतली डिस्लोकेशनची घनता पाहायला ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच लागतो. तो हाताशी नसेल तर 100 ग्रॅम भाराची विकर्स कठीणता (हिऱ्याच्या टोकाने उमटवलेल्या चौकोनी ठशाच्या कर्णावरून मोजलेली) घ्या, दोन ठशांत किमान सहा कर्णांइतकं अंतर ठेवून.