गुळापासून मिथेनॉलपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार. हातभट्टीवर छापा पडल्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: इतके लिटर गूळमिश्रित कच्चं रसायन जागीच नष्ट केलं. या रसायनात जाणाऱ्या मालावर कायदा हात कसा ठेवतो, आणि तो हात कुठे निसटतो, ते आज पाहू.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, मूळ कायदा 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्याचं कलम 65 दारू गाळण्याला शिक्षा सांगतं. पण गूळ तर प्रत्येक घरात असतो. म्हणून कायद्यात 'सडका गूळ' असा वेगळा प्रकार धरला आहे. दुकानदार म्हणतो, हा गुरांसाठी ठेवलाय. मग वाद प्रयोगशाळेच्या अहवालावर येतो. अशा प्रकरणांत खटला बहुतेक वेळा पंचनाम्यातच ढिला पडतो. पिंप ओतून देण्याआधी नमुना घेतलेला नसतो, किंवा बाटलीवरच्या सीलचा ठसा पंचनाम्यातल्या वर्णनाशी जुळत नाही.

दारूसाठीच वापरल्या जाणाऱ्या मोहफुलांची गोष्ट उलटी झाली. फुलं गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांवर साठवणुकीचे आणि वाहतुकीचे निर्बंध वर्षानुवर्षं होते. महाराष्ट्र सरकारने 2021 साली ते उठवले. माझ्या मते हे आधीच व्हायला हवं होतं. मोहाच्या टोपलीमागे धावण्यात गेलेली माणसं मळीच्या आणि स्पिरिटच्या टँकरमागे लागायला हवी होती.

कारण माणसं मारणारा माल वेगळाच आहे, तो म्हणजे मिथेनॉल, अल्कोहोलचाच एक विषारी प्रकार. मुंबईत मालवणीला 2015 मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली, तमिळनाडूत कल्लकुरिचीला 2024 मध्ये साठाहून जास्त. दोन्हीकडे दारूत मिथेनॉल होतं. हे रसायन रंग, राळ, औषधं यांच्या कारखान्यात रोज लागतं, म्हणून त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. त्यामुळे 1919 च्या विष अधिनियमाखाली राज्यं नियम करून परवाना आणि नोंदवही सक्तीची करू शकतात. तमिळनाडूने तर मिथेनॉल आणि विकृत स्पिरिट, म्हणजे पिता येऊ नये म्हणून मुद्दाम बिघडवलेलं स्पिरिट, यांना 1959 पासूनच एका नियमावलीत बांधलं आहे.

आता तपासणीतली खरी अडचण. गुत्त्यावर किंवा टँकरजवळ साधा हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, टाकला, तर तो फसवतो. पिण्याच्या दारूतल्या इथेनॉलची घनता सुमारे 0.789 आणि मिथेनॉलची 0.792. तो दोन्हींत जवळजवळ सारखाच बुडतो. वासानेही सहज ओळख पटत नाही. खात्रीसाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणीच लागते, आणि अहवाल येईपर्यंत माल पुढे गेलेला असतो.

म्हणून चोरी हिशेबातच पकडावी लागते. मिथेनॉल तापलं की फुगतं, एका अंशाला साधारण 0.12 टक्के. वीस हजार लिटरच्या टँकरमध्ये दहा अंशांनी तापमान वाढलं, तर आकारमान सुमारे 240 लिटर वाढतं. वाटेत दोनशे लिटरचं एक पिंप काढून घेतलं, तरी टाकीतली पातळी मोजणारी डिपस्टिक पूर्ण माल दाखवते! शिवाय 'वाहतुकीतली घट' हा रकाना सगळ्यांच्या सोयीचा. यावर उपाय साधा आहे: माल लिटरमध्ये नव्हे, किलोत मोजायचा. भरताना आणि उतरवताना दोन्हीकडे वजनकाटा करायचा, सील क्रमांक पावतीवर लिहायचा, आणि घट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की त्याच दिवशी खुलासा मागायचा. महिनाअखेरीस वही जुळवायला बसलं तर उशीर झालेला असतो.

अधिकार कोणाचा, हाही प्रश्न बरीच वर्षं अडकला होता. औद्योगिक अल्कोहोल केंद्राचं, असं 1989 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मानलं होतं. 23 ऑक्टोबर 2024 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक मताने ते फिरवलं. राज्यघटनेतल्या 'मादक मद्य' या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतं, असं बहुमत म्हणालं. त्यामुळे स्पिरिट पिण्यासाठी वळवलं जाऊ नये म्हणून नियम करायला राज्यांना आता वाव आहे. त्यातला पहिला नियम वजनकाट्याचा असावा, असं मला वाटतं. नमस्कार.