सॅमनचं अप-डाऊन

सकाळी नागपूर स्टेशनवर उभं राहा, वर्धेहून अप-डाऊन करणारे लोकं उतरताना दिसतील, खांद्याला बॅग, बॅगेत डबा. असंच अप-डाऊन एक बोटभर मासा पण करतो, फक्त त्याची खेप सहा महिन्यांची असते.

कोहो सॅमन. ओरेगॉनपासून वर अलास्कापर्यंतच्या थंड ओढ्यांमध्ये, खडीखालच्या अंड्यांतून निघतो. नेहमी सांगतात ते असं की पिल्लू वर्षभर तरी ओढ्यातच वाढतं, मग अंगावरचे पट्टे जातात, चांदीसारखं चमकायला लागतं अन् समुद्राकडे निघतं. पण काही पिल्लं पहिल्याच उन्हाळ्याच्या आधी खाली खाडीकडे सटकतात. 1962 मध्ये चॅपमन या संशोधकानं दाखवलं की दादागिरी करणारी पिल्लं बाकीच्यांना हुसकावून लावतात, मग लोकांनी धरून चाललं की गेली ती गेली, एवढ्याशा जिवाला खारं पाणी थोडीच झेपणार.

आता खारं पाणी करतं काय, तर कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा, थोड्या वेळात ताटात पाणी सुटतं ना, तसंच माशाचं, समुद्रात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सारखं पाणी पितो अन् जास्तीचं मीठ कल्ल्यातल्या खास पेशी बाहेर फेकतात. गोड्या पाण्यात सगळं उलटं. तर्रीसाठी रात्री भिजवलेल्या चण्यासारखं पाणी आत शिरतं, ते लघवीवाटे काढत राहायचं अन् मीठ मात्र त्याच कल्ल्यांनी आत ओढायचं. हा बदल एका झटक्यात होत नाही बरं.

खाडीत मात्र सोय आहे. नदीचं पाणी हलकं, ते वर तरंगतं, खारं खाली राहतं, मधे मचूळ. पिल्लू आपल्याला सोसेल त्या थरात राहतं, किडे अन् झिंग्यासारखे बारके जीव खाऊन मस्त जाडजूड होतं.

मग संशोधकांनी पिल्लांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढे, बॅटरी नसलेले टॅग घातले अन् ओढ्यात ते टॅग टिपणाऱ्या अँटेना लावल्या. पानगळीत बघतात तर काय, काही पोट्टे परत वर चाललेत! हिवाळ्याच्या पुरापासून लांब, बाजूच्या शांत डोहात, बीव्हर नावाच्या, ओढ्यावर लाकडांचा बांध घालणाऱ्या प्राण्यानं अडवलेल्या तळ्यात मुक्काम, अन् पुढच्या वसंतात पुन्हा डाऊन, यावेळी थेट समुद्र.

मोठ्या होऊन अंडी घालायला परतलेल्या काही सॅमनच्या कानातला खडा कापून पाहिला तेव्हा त्याच्या वाढत्या वयाबरोबर चढलेल्या थरांमध्ये स्ट्रॉन्शियम (हे मूलद्रव्य खाऱ्या पाण्यात जास्त, गोड्यात कमी) आधी कमी, मग जास्त, मग परत कमी अन् मग समुद्राचा तो लांबच लांब जास्तीचा पट्टा. म्हणजे गेली ती गेली म्हणून ज्यांना सोडून दिलं होतं, त्यांच्यातलेच हे.